वांग्याच्या फुलाच्या रंगाचा गुलाब

आमच्या गल्लीत टिपणीस मास्तरांच्या फाटकावरून कुणी सरळ चालत गेलेलं मी पाहिलेलं नाही. ज्याला खरोखर घाई असते तो मागच्या बाजूने, पॉवरलूमच्या भिंतीलगतच्या गटारावरून उड्या मारत जातो. पुढून गेलं की मास्तर हाक मारतात, फाटक उघडतात आणि तुम्हाला एखाद्या गुलाबापुढे वाकवतात. आधी स्वतः वाकतात. डोळे मिटून छातीभर श्वास घेतात, तो जरा वेळ आत ठेवतात, मग बाजूला होऊन म्हणतात, "घ्या. आणि सांगा, काय आलं?"

इथे 'छान' म्हणून सुटता येत नाही. "छान हा वास नव्हे, छान ही पळवाट," असं मास्तरांचं म्हणणं. वास कशासारखा, ते सांगायचं. सिलिंडर आणणारा एकदा खांद्यावरचं सिलिंडर न उतरवताच वाकला आणि म्हणाला, "छोटे बच्चे के पावडर जैसा." तो पास झाला. लूमवरचा रफीकभाई शिफ्ट संपवून कापसाच्या तुसाने पांढरा होऊन चालला होता. त्याने फार वेळ घेतला आणि म्हणाला, "इत्र की दुकान का शटर गिरने के बाद गली में जो रहती है ना, वो." मास्तरांनी त्याला आत बसवून चहा पाजला आणि पुढचे आठ दिवस ते वाक्य गल्लीभर ऐकवलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "गुलाबासारखा."

मास्तर हळूच म्हणाले, "शिक्षक ना तुम्ही?"

हो, शिक्षक मी आहे. भिवंडीतल्या आमच्या कामतघरच्याच एका शाळेत गणित शिकवतो. पण गल्लीत मला 'सर' म्हणतात आणि 'मास्तर' म्हणतात ते ज्यांनी जन्मात खडू धरला नाही त्या टिपणिसांना. ते डाइंग मास्तर होते. कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम. व्यापारी कापडाचा नखाएवढा तुकडा आणून देई आणि मास्तर तोच रंग हंडाभर काढून देत. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त झाला नाही. माझ्या बायकोने नवे पडदे लावले तर रस्त्यावरून ओरडून सांगतात, "वहिनी, हे एका ठाणातले नाहीत. डावीकडचा दुसऱ्या लॉटचा आहे." तोवर ते दोन्ही पडदे आम्हाला सारखेच दिसत होते. आता दिसत नाहीत.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. बोलायला हवं तिथे गप्प राहायची मला सवय आहे आणि लोक तिला सभ्यपणा समजतात म्हणून ती सुटतही नाही. मास्तरांबद्दलची एक गोष्ट मी अशीच बरेच महिने पोटात ठेवली होती. आता ती लिहायला मास्तरांनीच परवानगी दिली आहे. "लिहा," म्हणाले, "फक्त रंग चुकवू नका."

तर आधी रंगाचंच सांगतो.

मास्तरांची बाग म्हणजे त्यांच्या बैठ्या घरापुढची जागा. दोन रिक्षा कशाबशा उभ्या राहतील एवढी. तिथे सगळे गुलाब एकाच कुळातले, जांभळट. पण जांभळट म्हटलेलं मास्तरांना चालत नाही. "जांभळा म्हणजे जांभळाचा. तो नको. कोकमाचाही नको. जास्वंद शिळी झाल्यावर होते तोही नको. मला वांग्याच्या फुलाचा पाहिजे." वांग्याचं फूल मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं. भरली वांगी पुष्कळ खाल्ली होती. मास्तरांनी मला थेट एका भाजीच्या मळ्यात नेऊन ते फूल दाखवलं. फिकट, थोडं निळ्याकडे झुकलेलं, जणू रंग द्यायला घेतला आणि मध्येच कुणी हाक मारली. "हा रंग," मास्तर म्हणाले, "आणि त्याला वास. दोन्ही एका गुलाबात मिळालं की मी मोकळा."

दुसरं त्यांचं वेड थंडीतल्या लागवडीचं. पावसाळ्यात साहेबलोक येतात, फलक लावतात, रोप हातात धरून फोटो काढतात, तेव्हा मास्तर फाटकाला कुलूप लावून घरात बसतात. मग मार्गशीर्षात, सगळे स्वेटर शोधत असताना, कुदळ घेऊन बाहेर पडतात. रस्त्याच्या कडेला बकुळ, सोनचाफा, कडुनिंब, जिथे जागा दिसेल तिथे. मी विचारलं की लोक पावसात लावतात ते वेडे का? म्हणाले, "पावसात लावलेलं झाड लाडावतं. पाणी आयतं वरून येतं, मुळं वरच लोळत राहतात. थंडीत लावलं की त्याला खाली जावं लागतं. आणि लावणाऱ्यालाही उन्हाळाभर गावाला जाता येत नाही. दोघंही बांधले जातात."

उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची बोंब. म्हणून मास्तरांनी गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे एक बादली ठेवली आहे. डाळतांदूळ धुतलेलं पाणी त्यात टाकायचं. सकाळी ते बादल्या गोळा करतात आणि पाण्याकडे बघून शेरे मारतात. "सर, वहिनींनी काल तांदूळ एकदाच धुतला." आमच्या घरी तेव्हापासून तांदूळ तीनदा धुतला जातो. झाडांसाठी नव्हे, अब्रूसाठी.

अशाच एका थंडीत त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून अंबाडीला नेलं. तिथे वाड्याच्या रस्त्यावर जनार्दनची नर्सरी आहे. जनार्दन जवळच्या पाड्यावरचा, डोक्याला मफलर, तोंडात काडी. मास्तरांना लांबून पाहिलं की तो बायकोला सांगतो, चहा ठेव, आज दुपार गेली. कारण मास्तर रोपाला अडकवलेली फोटोची चिठ्ठी बघून रोप घेत नाहीत. फूल उमललेलं पाहिजे, ते सावलीत एकदा आणि उन्हात एकदा बघायला पाहिजे.

"मास्तर, हा बी जांभलाच हाय," जनार्दन म्हणायचा.

"हा आजारी गुलाबी आहे. पुढचा."

रंगाची परीक्षा त्यांनी घेतली. चार रोपं बाजूला निघाली. वासाची परीक्षा मात्र त्यांनी माझ्यावर सोपवली. मी म्हटलं, तुमच्यासारखं नाक असताना मी कशाला? म्हणाले, "मी आधी बोललो तर तुम्ही माझंच उत्तर कॉपी कराल. वर्गात चालतं का?" मग मी, एक पंचेचाळिशी उलटलेला गणिताचा शिक्षक, शेणखताच्या ढिगाशेजारी गुडघ्यावर बसून चार गुलाबांचे वास घेत राहिलो. जनार्दनची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तिसऱ्या फुलाशी मात्र मी थांबलो. पुन्हा घेतला. आणि कसं कोण जाणे, शब्द आले. "लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा. आणि मागून, उशिरा, वेलची."

मास्तरांनी रोप उचललं आणि ते स्कूटरकडे चालू लागले. परतताना मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. लिंबाची साल, मागून वेलची. पाठ करत होते.

ते रोप फाटकाशेजारच्या मानाच्या जागी लागलं. गल्लीने रांगेने येऊन वास घेतला. माझा भाव वाढला.

पुढच्या पावसाळ्यात मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि ते नि काकू डोंबिवलीला मुलीकडे महिनाभर राहायला गेले. बागेची किल्ली माझ्याकडे. सूचना एकच, "पाऊस नसेल तर पाणी घाला. बाकी काही करू नका. प्रेम आवरा."

प्रेम आवरलं नाही, हाच माझा गुन्हा. भर पावसातही मी रोज झारीभर पाणी घालत राहिलो. आठवड्यात त्या गुलाबाच्या काड्या काळ्या पडू लागल्या, पानं गळाली. मला झोप लागेना. आणि एके दिवशी पाहतो तो बुंध्याच्या पार खालून, मातीलगत, एक फुटवा आलेला. कसला जोमदार. लुसलुशीत, रोज बोटभर वाढणारा. मला इतका आनंद झाला की मी वरच्या त्या मरतुकड्या काड्या कात्रीने साफ कापून टाकल्या, सगळी ताकद नव्याला मिळावी म्हणून. चार दिवस मी ते हिरवं वैभव बघत होतो. मग कौतुकाने फोनवर फोटो काढून जनार्दनला दाखवायला अंबाडीला गेलो.

जनार्दनने तोंडातली काडी काढली. "सर, वरचा होता तो गुलाब. खालचा रानटी खुंट हाय. त्यावर डोला भरून आमी कलम करतो. तुमी गुलाब कापून खुंट पाललाव."

वर्गात मी मुलांना सांगतो, पायरी चुकली तरी हरकत नाही, चूक दाखवून पुढे जा. मी काय केलं? मी जनार्दनला विचारलं, तसाच दुसरा आहे का. तो नव्हता. त्याच रंगाचा एक होता, उमललेला, थेट वांग्याचं फूल. मी वाकलो. काहीच आलं नाही. कागदाचा वास येतो तेवढाही नाही. "याला वास न्हाय," जनार्दन म्हणाला, "नुसता शोचा हाय." मी तो घेतला. रानटी खुंट उपटला, त्या खड्ड्यात हा लावला, पाणी घातलं, आणि मास्तरांच्या परत येण्याची वाट बघत बसलो. पहिल्या मिनिटाला पकडलं जाणार याबद्दल शंका नव्हती. पकडलं की सांगू, असं ठरवलं होतं. आपणहून सांगायचं नाही, पकडलं की सांगायचं. माझा सभ्यपणा असा.

मास्तर आले. रिक्षातून उतरून, पोटावर हात धरून, पिशव्या काकूंच्या हातात सोडून सरळ फाटकाशी आले. आधी लांबून पाहिलं. "अर्धा टक्का निळा उतरलाय," म्हणाले. आणि स्वतःच पुढे जोडलं, "पावसामुळे असेल." मग सावकाश वाकले. डोळे मिटले. छातीभर श्वास घेतला, आत ठेवला. आणि चेहरा उजळून म्हणाले, "वा. लिंबाची साल. आणि मागून वेलची."

मी झारी हातात धरून उभा होतो.

खरं सांगतो, पहिली भावना सुटकेची होती. वाचलो. ती क्षणभरच टिकली, पण होती. मग कळलं की मास्तरांना काही येत नाही. ना या फुलाचा वास, ना त्या, कशाचाच नाही. गल्लीभर सगळ्यांना वाकवणारा माणूस स्वतः नुसता वाकत होता, आणि आम्ही सांगू ते घेऊन घरात जात होता.

त्या दिवसापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. कारण लोक येणार, वाकणार, आणि खरं बोलणार. पहिला आला तो कुरिअरवाला. "कुछ नहीं आता, अंकल." मास्तर त्याला म्हणाले, तुला सर्दी आहे, आलं खा. दुसराही तेच म्हणाला असता तर मास्तर विचारात पडले असते. म्हणून मी गल्लीच्या वळणावर उभा राहू लागलो. येईल त्याला गाठून सांगायचं, लिंबू आणि वेलची म्हण. रफीकभाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सर, आप बच्चों को भी पेपर ऐसे ही बताते हो क्या?" पण कबूल झाला. बाकीच्यांनी घोळ घातला. सिलिंडरवाला म्हणाला, "निंबू, इलायची, दालचिनी, थोडा तेजपत्ता." दूधवाला म्हणाला, "पुलाव." माझ्या बायकोला काही पढवलं नव्हतं, ती आपली छान म्हणाली आणि नापास झाली. मास्तर मात्र कधी नव्हे इतके खूश होते. सगळ्या कामतघरला एकदम नाक फुटलं, असं म्हणत फिरत होते.

काकूंना मी पढवायला विसरलो. त्या एकदा तुळशीला पाणी घालता घालता त्या फुलाशी वाकल्या, ताठ झाल्या आणि थेट माझ्या खिडकीकडे बघितलं.

दुपारी वाटी परत करायला म्हणून आमच्याकडे आल्या. बायको शाळेच्या मीटिंगला गेली होती. वाटी ओट्यावर ठेवून म्हणाल्या, "दुसरा लावलात ना?"

मी मान हलवली.

मग त्यांनीच सांगितलं. तापाच्या त्या वर्षी, सगळे दार लावून बसले होते तेव्हा, मास्तरांनाही ताप आला. ताप गेला, नाक परत आलं नाही. दूध करपलं तरी कळत नाही. डॉक्टर झाले, नाकात तेल सोडायचं नस्य झालं. कुणी सांगितलं म्हणून अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं. तिथे गंधकाच्या वासाने माणसं नाकाला रुमाल लावून उभी, आणि हे पाण्यात पाय सोडून म्हणाले, बरं वाटतं, जरा गरम आहे. "रोज जेवताना म्हणतात, आज हिंग काय लागलाय. मी कधी कधी मुद्दाम हिंग घालतच नाही. तरी म्हणतात." काकू हसल्या. "मला वाईट वाटू नये म्हणून ते फसवतात, त्यांना वाटू नये म्हणून तुम्ही फसवता, आणि मध्ये मी आमटी करते. आता बघा काय करायचं ते."

मी काहीच केलं नाही. दिवाळी गेली, थंडी पडली. आणि एका सकाळी मास्तर नवा शर्ट घालून सांगायला आले की ठाण्याला गुलाबांचं प्रदर्शन आहे, त्यात वासाची वेगळी स्पर्धा असते, आणि आपण नाव देऊन आलो आहोत. "परीक्षक पट्टीचे असतात, सर. एकेक फूल नाकाला लावून मार्क देतात. आता कळू दे त्यांना भिवंडीत नुसते लूम नाहीत ते."

माझ्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं. पांढरा कपडा, फुलदाणीत तो कागदी गुलाब, चार अनोळखी माणसं एकामागून एक वाकतायत आणि एकमेकांकडे बघतायत, आणि शेजारी नव्या शर्टात मास्तर उभे, लिंबाची साल, मागून वेलची.

दुसऱ्या दिवशी ते रस्त्याच्या कडेला बकुळीसाठी खड्डा खणत होते. हवेत गारठा होता, लूम चालू होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. प्रेम, कात्री, खुंट, अंबाडी, गल्लीच्या वळणावरची शिकवणी. काकूंचं नाव घेतलं नाही. एवढं लांब मी आयुष्यात कधी बोललो नसेन. मध्ये कुठे थांबायचं ते मला माहीतच नव्हतं.

मास्तर कुदळ टेकवून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "पहिल्या गुलाबाचं काय? लिंबाची साल खरी होती?"

"खरी होती."

"वेलची?"

"तीही. उशिरा यायची, पण यायची."

"मग ठीक आहे." त्यांनी खड्ड्यातला एक दगड बाहेर टाकला. "रंग मी त्याच दिवशी पकडला होता, सर. अर्धा टक्का. पावसाने निळा उतरत नसतो. पण विचारलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, वास ओळखला नाहीत का. म्हणून पावसावर ढकललं." मग कुदळ पुन्हा उचलत, "पुन्हा फसवायचं झालं तर रंगात फसवा. तिथे मी पकडू शकतो. नाकाच्या बाबतीत मी सगळा तुम्हा लोकांवर आहे."

स्पर्धेतलं नाव त्यांनी रंगाच्या वर्गात बदलून घ्यायचं ठरवलं. अंबाडीला पुन्हा जायचं, तेही ठरलं. जनार्दनच्या बायकोला चहा ठेवायला कळवायचं. मग त्यांनी मला बकूळ सरळ धरायला सांगितली. मी धरली. ते माती लोटत होते, पायाने दाबत होते. माती लोटता लोटता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "सर, आमच्या घराला काय वास येतो हो?"

"घराला?" मी विचारलं.

"म्हणजे प्रत्येक घराचा असतो ना एक. दार उघडलं की येतो तो. फुलांचं कुणालाही विचारता येतं. हे कुणाला विचारणार? हिला विचारलं तर ही रडत बसेल."

त्या घरात मी किती वर्षं जातोय. मी डोळे मिटले. आठवायला लागलंच नाही. म्हणालो, "विझलेल्या निरांजनाचा. सुंठीचा. काकू गुडघ्यांना लावतात त्या तेलाचा. आणि कपाट उघडं असेल तर डांबरगोळ्यांचा."

मास्तरांचे हात मातीतच थांबले होते.

"म्हणजे तोच आहे अजून," ते म्हणाले.